अकरा ओळी कुणाच्या?

"काय हो, माझ्या अर्जात काय लिहिलंय ते तुम्ही वाचलंत का?" असं कुणी विचारलं, की ताईंचं उत्तर ठरलेलं. "मी वाचत नाही, मी टाइप करते. वाचत बसले तर तुमचा अर्ज उद्यापर्यंत माझ्याच टेबलावर राहील." लोकांना ते ऐकून बरं वाटायचं. घटस्फोटाचे अर्ज, भावाभावांची भांडणं, मृत्युपत्रं, नोकरीवरून काढल्यावर साहेबाला लिहिलेली चार-चार पानी रडगाणी, सगळं ताईंच्या हातांखालून जायचं आणि त्यातलं अक्षरही बाहेर फुटायचं नाही. आता ताई तोंडाच्या घट्ट होत्या म्हणून, असं समजू नका हं! तोंड तर दिवसभर सुरू. डोळे बाजूच्या कागदावर, बोटं कळांवर आणि जीभ समोरच्या स्टुलावर बसलेल्या माणसाशी गप्पा मारायला मोकळी. एकतीस वर्षं त्यांनी असंच काम केलं. अक्षर डोळ्यांतून शिरतं आणि बोटांतून बाहेर पडतं, मधे डोक्याला पत्तासुद्धा लागत नाही, असं त्या मोठ्या तोऱ्यात सांगायच्या.

तो तोराच त्यांना नडला. पण ते पुढे.

कचेरीच्या मागच्या रस्त्याला एक तीनमजली इमारत होती. तिच्या जिन्याखाली ताईंचं टायपिंगचं दुकान. छत तिरकं, त्यामुळे उंच माणसाने वाकूनच आत यायचं. नाही वाकला तर कपाळमोक्ष, आणि वरून ताईंचं "बघून हो, बघून!" ते नेहमी कपाळ आपटल्यावरच यायचं. एक टेबल, एक स्टूल, भिंतीला एक आरसा. आधी टाइपरायटर होता, मग संगणक आला. वरच्या मजल्यावर एक वकील बसायचे, त्यांची निम्मी कामं ताईच करायच्या. ताईंनी लग्न केलं नाही. का नाही केलं, हे विचारायची छाती कुणाची झाली नाही, मग आपण तरी कशाला विचारावं.

वयाच्या साठीला ताईंनी दुकान बंद केलं. घरोघरी छपाईयंत्रं आली, आता जिन्याखाली वाकून कोण येणार! आणि मग रिकाम्या बसलेल्या या बाईने एक भलतंच काम काढलं. त्यांनी पुस्तक लिहिलं. आपल्या वडिलांवर.

वडील बस डेपोत मेकॅनिक होते. हात कोपरापर्यंत काळे, बोलणं दिवसाला दहा शब्द आणि त्यातले पाच शिव्या. ताई नऊ वर्षांच्या असताना आई गेली. पंधरा वर्षांचा दादा आणि ही नऊ वर्षांची, अशा दोन पोरांना त्या माणसाने वाढवलं म्हणायचं, कारण दुसरा शब्द नाही. कमरेचा पट्टा निघायला कारण लागत नसे. दादाला तर एकोणिसाव्या वर्षी कपड्यांच्या पिशवीसकट घराबाहेर काढलं. ताईंनी हे सगळं लिहिलं, काही झाकलं नाही. जुन्या गिऱ्हाइकांपैकी एक प्रकाशक होते, त्यांनी ते छापलं. वर ठळक अक्षरात 'एका मुलीच्या खऱ्या आठवणी' असंही छापलं. प्रकाशक म्हणाले, "खरं आहे असं म्हटलं की लोक घेतात."

आणि लोकांनी खरंच घेतलं. हजार प्रती सहा महिन्यांत संपल्या. का संपल्या, तर सत्त्याऐंशीव्या पानासाठी. त्या पानावर अकरा ओळी होत्या. वाचायलाच हव्यात, म्हणून देतो.

"बाबांनी त्या दिवशी हात तीनदा धुतले. आधी रॉकेलने, मग साबणाने, मग पुन्हा साबणाने. नखांतलं तेल काही निघालं नाही. मग ते आईच्या उशाशी बसले आणि तिचे केस विंचरू लागले. वेणी घालणं त्यांना ठाऊक नव्हतं. तीन पेड धरायचे, तर चौथा कुठून यायचा कोण जाणे. दोनदा सुटली. तिसऱ्यांदा जमली, तर बांधायला काही नव्हतं. बाबांनी वाकून आपल्या बुटाची नाडी काढली आणि तिने वेणी बांधली. आई डोळ्यांनी हसली. दुसऱ्या दिवशी बाबा एका बुटाला नाडी नसतानाच कामावर गेले."

झालं, एवढंच. पण शहाऐंशी पानं मार खाऊन आलेल्या वाचकाला या अकरा ओळींनी रडवलं. बायका ताईंना फोन करायच्या आणि बोलायच्या आधी नाक शिंकरायच्या. एका बाईंनी तर नवऱ्याला ते पान मोठ्याने वाचायला लावलं, आणि वाचून झाल्यावर त्याला कंगवा दिला. ताईंना आभाळ ठेंगणं झालं होतं. आयुष्यभर दुसऱ्याचे अर्ज टाइप केलेल्या बाईला लोक लेखिका म्हणू लागले, आणखी काय हवं!

एकच माणूस फिरकला नाही, तो म्हणजे दादा. पुस्तक द्यायला ताई गेल्या होत्या, तर म्हणाला, "घरातली धुणी चव्हाट्यावर धुवायला तुला लाज कशी नाही वाटली, चिमे? मी हे वाचणार नाही. ठेव तिकडे कपाटावर." ताईंना वाईट वाटलं, पण दादाचा स्वभाव त्या ओळखून होत्या. रागाच्या बाबतीत तो बाबांचाच मुलगा.

दुसरी आवृत्ती छापायला जाणार, तेवढ्यात प्रकाशकांचा निरोप आला, ताबडतोब या.

ताई हसतमुखाने गेल्या. त्यांना वाटलं, नव्या मुखपृष्ठाचं काहीतरी असेल. प्रकाशकांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एक होतं त्यांचं सत्त्याऐंशीवं पान. दुसरं एका बावीस वर्षांपूर्वीच्या कादंबरीतलं पान. एका निवृत्त ग्रंथपालाने लाल पेनने रेघा मारून पाठवलं होतं.

"वाचा," प्रकाशक म्हणाले.

ताईंनी वाचलं. त्याच अकरा ओळी. तसंच रॉकेल, तसाच साबण, तीच बुटाची नाडी. फरक दोनच शब्दांचा. कादंबरीतला बाप छापखान्यात कामाला होता, म्हणून तिथे 'तेल' नव्हतं, 'शाई' होती. आणि 'बाबां'च्या जागी होते 'अप्पा'.

"अहो, पण मी ही कादंबरी वाचलेलीच नाही!" ताई म्हणाल्या.

"मलाही तसंच वाटत होतं," प्रकाशक म्हणाले. "मग मी तिचं शेवटचं पान काढलं. तिथे आभार मानलेत. बघा, कुणाचे."

तिथे छापलं होतं, की या कादंबरीचं टंकलेखन जिन्याखालच्या ताईंनी चोख करून दिलं, त्यांचे ऋण मोठे आहे.

हो, केलं होतं. कादंबरीचे लेखक म्हणजे सर, ते ताईंच्या दुकानात यायचे. कॉलेजात शिकवायचे, उंच होते, रोज कपाळ आपटायचे. बावीस वर्षांपूर्वी एका उन्हाळ्याच्या सुट्टीत ते रोज आठ-दहा पानं घेऊन यायचे, आणि टाइप होईपर्यंत स्टुलावर बसून चहा प्यायचे. ताई टाइप करायच्या आणि बोलायच्या. सर ऐकायचे. दोन महिने.

"शाईचं तेल केलंत, अप्पांचे बाबा केलेत," प्रकाशक आवाज न चढवता म्हणाले. "ताई, चोर हेच करतो हो. मी म्हणत नाही, लोक म्हणतील."

"माझे वडील मेकॅनिक होते! त्यांच्या नखांत तेलच असणार, शाई कुठून येईल?"

"ते ठीक आहे. पण हे तुमच्या घरात घडलं होतं ना?"

"म्हणजे काय! घडलं होतं म्हणून तर लिहिलं," ताई म्हणाल्या. पण वाक्य तोंडातून निघालं आणि त्याच्यामागे आठवण काही आली नाही.

प्रकाशकांनी एक पत्र तयार ठेवलं होतं. 'सदर मजकूर माझा नसून अनवधानाने माझ्या पुस्तकात आला आहे, त्याबद्दल मी क्षमा मागते व तो पुढील आवृत्तीतून वगळण्यास संमती देते.' शनिवारपर्यंत सही हवी होती. नाहीतर आवृत्ती रद्द आणि सरांच्या कुटुंबाने दावा लावला तर ताईंनीच तो निस्तरायचा. "मला तुमचं वाईट करायचं नाही," प्रकाशक म्हणाले, आणि ते खरंही होतं. अशी माणसं जास्त त्रास देतात. धड भांडताही येत नाही.

दोन दिवसांत ती दोन पानं गावभर फोनवरून फिरली. खाली लोकांची बडबड. कुणी लिहिलं, 'टाइप करता करता उचललं.' कुणी लिहिलं, 'वडिलांची वेणीसुद्धा उसनी.' वाईट म्हणजे जुनी गिऱ्हाइकं बोलू लागली. एका बाईंनी रस्त्यात थांबवून विचारलं, "ताई, माझा घटस्फोटाचा अर्ज तुम्हीच टाइप केला होता. तो नाही ना कुठल्या पुस्तकात येणार?" एकतीस वर्षांत एक शब्द बाहेर न गेलेल्या बाईला हे ऐकावं लागलं. ताई घरी आल्या आणि चपला न काढताच खुर्चीत बसून राहिल्या.

मग त्या वकिलांकडे गेल्या. त्याच इमारतीत, त्याच जिन्याने वर. वकिलांनी दोन्ही पानं पाहिली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. वकिलांचं हे असंच. वाईट बातमी असली की चष्मा पुसतात.

"ताई, एक समजून घ्या. घडलेली गोष्ट कुणाच्या मालकीची नसते. एका बापाने बायकोची वेणी घातली, हे दहा जणांनी लिहावं, कायदा काही म्हणणार नाही. पण दहाही जणांनी आपापल्या शब्दांत. हक्क असतो तो शब्दांवर, वाक्यांवर. आणि ही वाक्यं सरांच्या नावावर छापून बावीस वर्षं झाली."

"सर जाऊन बारा वर्षं झाली की."

"माणूस जातो, हक्क जात नाही. तो त्यांच्या पत्नीकडे गेला. अजून पुष्कळ वर्षं राहील."

"पण मी मुद्दाम नाही केलं. मला ठाऊकच नव्हतं!"

"न कळत दुसऱ्याची छत्री घेऊन आलात, तरी छत्री दुसऱ्याचीच," वकील म्हणाले. "आणि चोरी आणि हक्कभंग यांची लोक भेळ करतात, ती तुम्ही करू नका. तुम्ही सरांचं नाव देऊन छापलं असतंत, तर तुम्हाला चोर कुणी म्हटलं नसतं, पण परवानगी लागलीच असती. गुपचूप परवानगी घेऊन नाव दिलं नसतंत, तर कायदा गप्प बसला असता, पण लोकांनी चोर म्हटलंच असतं. तुमच्याकडे नावही नाही आणि परवानगीही नाही."

"आणि ती गोष्ट मीच सरांना सांगितली असेल तर? मी टाइप करताना काय कमी बडबडायची? त्यांनी माझ्याकडूनच ऐकून लिहिलं असेल तर?"

वकिलांनी पुन्हा चष्मा काढला. "सांगितली होतीत का?"

ताई आठवायला लागल्या. सर स्टुलावर बसलेत, त्यांच्या हातात कप आहे, आपण बोलतोय. काय बोलतोय? दोन महिन्यांची बडबड, त्यातलं एक वाक्य त्यांना आठवेना. कुणाला आठवतं हो, बावीस वर्षांपूर्वी आपण काय बडबडलो ते!

"सांगितली असेल," त्या म्हणाल्या.

"'असेल' कागदावर चालत नाही," वकील म्हणाले. "आणि सांगितली असलीत, तरी वाक्यं रचली त्यांनी. सोपं करा ना. तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत लिहा. कुणाचा बाप तुम्हाला अडवणार नाही."

हे ताईंना पटलं. घरी जाऊन त्या संगणकासमोर बसल्या. बाबा, आई, केस. वेगळ्या शब्दांत. त्यांनी लिहिलं, 'त्या दिवशी बाबा कामावरून लवकर आले.' आले होते का? की दिवसभर घरीच होते? माहीत नाही. खोडलं. 'आईचे केस खूप लांब होते.' होते? आजारपणात कापले होते ना? खोडलं. मग विचार न करता त्यांनी बोटं सोडून दिली, आणि बोटांनी झरझर उमटवलं, 'हात तीनदा धुतले. आधी रॉकेलने, मग साबणाने, मग पुन्हा साबणाने.' ताईंनी हात कळांवरून असे उचलले, जसं काही चटका बसलाय. तीन दिवस त्यांनी प्रयत्न केला. दर वेळी बोटं त्याच वाटेने जात आणि ती वाट सोडली की पुढे काहीच दिसत नसे. वाक्यांच्या पलीकडे काही होतं की नव्हतं, हेच त्यांना कळेनासं झालं.

तेव्हा त्यांना खरी भीती वाटली. अब्रू गेली ती गेली, पण त्याहून मोठं काहीतरी जायची वेळ आली होती. ही वाक्यं सरांनी मनाने रचलेली असतील, तर बाबांनी वेणी घातलीच नव्हती. मग बाबांपाशी मायेचं असं काहीही नव्हतं, होता तो नुसता मार. त्या अकरा ओळी काढल्या तर बाबांकडून आपल्याला काय मिळालं, याचं उत्तर ताईंच्या पुस्तकात कुठल्याच पानावर नव्हतं.

गुरुवारी त्या सरांच्या घरी गेल्या. सरांच्या पत्नीला त्या पूर्वीपासून वहिनी म्हणत. गुडघे धरून चालणारी, शांत बाई. खोलीभर सरांची पुस्तकं, एकावरही धूळ नाही. वहिनींनी चहा टाकला आणि ताईंचं सगळं ऐकून घेतलं.

"मी भांडखोर नाही, ताई," त्या म्हणाल्या. "तुम्हाला एक सांगू? ही कादंबरी आली, तेव्हा मीसुद्धा त्या वेणीपाशीच थांबले होते. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने माझ्या केसांना हात लावला नाही. मी त्यांना विचारलं, हे तुम्हाला सुचलं कुठून?"

"मग?" ताई खुर्चीच्या कडेवर आल्या.

"म्हणाले, 'सुचलं.'"

"बस?"

"बस. तेवढंच बोलायचे ते. पुस्तक छापून आलं की कच्चे कागद बंबात घालायचे, त्यामुळे तेही नाहीत, नाहीतर दाखवले असते." वहिनींनी कप खाली ठेवला. "तुमच्या घरात हे घडलं होतं, असं सांगणारं एक माणूस आणा. मी लिहून देईन, की त्यांनी ते तुमच्याकडून ऐकून लिहिलं, आणि तुमच्या पुस्तकात राहू द्यायला माझी हरकत नाही. मला त्यात काही कमीपणा वाटणार नाही. पण तुम्हाला स्वतःला आठवतं ना ते?"

"दिसतं हो!" ताई म्हणाल्या. "डोळे मिटले की दिसतं. रॉकेलचा वास येतो. आईची मान एका बाजूला कललेली. बाबांची पाठ." "पण वहिनी, मी कुठे उभी आहे, तेवढं दिसत नाही. त्या खोलीत मी कुठेच नाहीये."

वहिनींनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

घरात तेव्हा चौघं होती. आई गेली, बाबा गेले. ताईंचं त्यांनाच ठाऊक नाही. उरला दादा. आणि दादाने पुस्तक वाचलं नव्हतं! ज्या गोष्टीचं ताईंना वर्षभर वाईट वाटत होतं, तीच आता कामाला येणार होती. आख्ख्या गावात हा एकच माणूस असा, ज्याच्या डोक्यात सत्त्याऐंशीवं पान शिरलेलं नव्हतं. वकिलांनी बजावलं, "साक्षीदाराच्या तोंडात शब्द घालू नका. साधं विचारा आणि गप्प बसा." ताईंना गप्प बसायला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, पण त्यांनी कबूल केलं.

शनिवारी सकाळी सहीचं पत्र पर्समध्ये घालून त्या दादाकडे गेल्या. दादा अडुसष्ट वर्षांचा, पाणीपुरवठ्यातून मीटर तपासनीस म्हणून निवृत्त झालेला, दोन खोल्यांत एकटा राहणारा. बायको गेल्यापासून घरात बोलायला रेडिओ तेवढा. तो नखं कापत बसला होता. ताई समोर बसल्या. भलतंसलतं काही बोलल्या नाहीत.

"दादा, एक विचारू? आई अंथरुणाला खिळली होती, तेव्हा बाबांनी कधी तिचे केस विंचरले होते का रे?"

दादाने नेलकटर खाली ठेवलं.

"विंचरले होते की," तो म्हणाला. "वेणी घातली होती त्यांनी. बांधायला काही नव्हतं, तर बुटाची नाडी काढून बांधली."

आठ दिवसांनी ताईंच्या छातीत पुरता श्वास गेला. त्यांनी दादाचे दोन्ही हात धरले. "तू पाहिलंस? तुझ्या डोळ्यांनी?"

"मग काय! दारात उभा होतो मी." दादा खिडकीकडे बघत बोलत होता, चेहरा अगदी मऊ झाला होता. असा चेहरा ताईंनी त्याचा जन्मात पाहिला नव्हता. "हात तीनदा धुतले त्यांनी. आधी रॉकेलने, मग साबणाने, मग पुन्हा साबणाने. नखांतलं तेल काही निघालं नाही."

ताईंनी त्याचे हात सोडले.

दादा असा बोलत नाही. दादा म्हणेल, 'धुतले असतील दोन-तीनदा, काळे कुट्ट हात ते, निघतंय होय?' दादाची वाक्यं ताईंना साठ वर्षं पाठ होती. आणि हीही वाक्यं पाठ होती.

"दादा, तू पुस्तक वाचलंस?"

दादाने मान फिरवली. "कोण म्हणतं?"

"दादा."

"वाचलं."

"तू तर म्हणाला होतास, वाचणार नाही म्हणून."

"माणूस काय, रागात काहीही म्हणतो. तू जिन्यावरून उतरलीस न उतरलीस, तोच काढलं खाली. चार वेळा वाचलं." त्याने बाहीने तोंड पुसलं. "म्हणून काय झालं? चांगलं लिहिलंयस. सगळं खरं आहे."

"पुस्तक वाचायच्या आधी तुला हे आठवत होतं का? वेणीचं?"

खाली रस्त्यावर कुणीतरी मोटारसायकल सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती.

"खरं सांगू, चिमे? आधी बाबा म्हटलं की मला पट्टा आठवायचा. दुसरं काहीच नाही. पन्नास वर्षं नुसता पट्टा. हे पान वाचलं आणि वाटलं, अरे हो, असं झालं होतं की! मी दारात होतो. मग रोज आठवायला लागलं. आधी आठवत होतं की नाही, ते आता नाही सांगता येणार."

ताईंनी मग त्याला सगळं सांगितलं. सर, कादंबरी, शाई आणि तेल, वहिनींचा शब्द, शनिवार. दादाने ऐकलं आणि ताडकन उठून टेबलाच्या खणातून पेन काढलं.

"त्यात काय एवढं! मी लिहून देतो. शपथेवर लिहून देतो, मी दारात उभा होतो आणि डोळ्यांनी पाहिलं. आण तो कागद."

"काय शपथ घेशील? माझंच पुस्तक मला वाचून दाखवशील?"

"कोणाला कळणार आहे?"

कुणालाही कळणार नव्हतं. वहिनींनी विश्वास ठेवला असता, प्रकाशकांनी सुटकेचा नि:श्वास टाकला असता, गावाने तोंड मिटलं असतं. धाकट्या बहिणीसाठी दादा आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी करायला निघाला होता आणि नेमकं तेच ताईंना घेता येत नव्हतं. ते घेतलं असतं, तर त्या खरोखरच चोर झाल्या असत्या. आणि नाही घेतलं, तरी बाबा हातचे जाणारच होते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

"राहू दे, दादा," त्या म्हणाल्या. त्यांनी पर्समधून पत्र काढलं, टेबलावर सपाट केलं, आणि दादाच्याच पेनने खाली सही केली. सदर मजकूर माझा नसून. अक्षर नेहमीसारखं नीटनेटकं आलं. दादा बघत उभा होता.

"म्हणजे बाबांनी ते केलंच नव्हतं?"

"माहीत नाही रे."

"तुलाही नाही?"

"नाही."

दादा आत गेला. नळ सुरू झाल्याचा, पाणी प्यायल्याचा आवाज आला. बाहेर येऊन तो ताईंच्या समोर बसला आणि अगदी साधं काही विचारावं तसं त्याने विचारलं, "मग आता मी परत पट्टाच आठवायचा का गं, चिमे?"

ताईंनी पत्राची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली.